लिस्टमधून बाहेर पडताना

तांत्रिक विषयावरच्या एखाद्या जुन्या मेलिंग लिस्टवर वर्षभर काढलेल्या माणसाने हा मेल नक्की पाहिलेला असतो. विषयाच्या जागी एकच शब्द, 'अनसबस्क्राइब'. आत एक ओळ, 'कृपया माझे नाव यादीतून काढावे.' पाठवणाऱ्याला वाटते, आपण व्यवस्थापकाला लिहिले. प्रत्यक्षात तो मेल लिस्टच्या हजार-दोन हजार सभासदांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो आणि यादीतले त्याचे नाव जागचे हलत नाही. तासाभरात उत्तरे येऊ लागतात. एक जण रीत समजावतो, दुसरा चिडतो, तिसऱ्याला आठवते की आपल्यालाही कधीचे बाहेर पडायचे होते, आणि तोही तसाच मेल सगळ्यांना धाडतो.

अशा माणसाला अडाणी किंवा उद्धट म्हणून मोकळे होणारे पुष्कळ असतात. मला ते पटत नाही. त्याच्यापुढे एक यंत्र आहे आणि ते कसे चालते हे त्याला कोणी सांगितलेले नाही, एवढाच त्याचा दोष. ते नीट समजले तर बाहेर पडणे दोन मिनिटांचे काम आहे. शिवाय या समुदायांत शिष्टाचार म्हणून जे नियम सांगितले जातात, त्यांतले बरेचसे त्या यंत्राच्या रचनेतूनच आलेले आहेत हेही ध्यानात येते.

मेलिंग लिस्ट म्हणजे मुळात एक पत्ता आणि त्यामागे ठेवलेली नावांची फाइल. त्या पत्त्यावर आलेला प्रत्येक मेल सर्व्हर फाइलमधल्या सगळ्यांना पाठवतो. १९७५ साली आर्पानेट या सुरुवातीच्या संगणक-जाळ्यावर 'एमएसजीग्रुप' नावाची लिस्ट सुरू झाली. ती सर्वांत जुन्या लिस्टांपैकी एक, आणि तिथे चर्चा चाले ती ईमेलची व्यवस्था कशी असावी याचीच. त्या काळात यादीत नाव घालायचे किंवा काढायचे काम माणूस हाताने करत असे. सभासद वाढले तशी अडचण उभी राहिली. नाव काढण्याच्या विनंत्या चर्चेच्याच पत्त्यावर आल्या, तर त्या सगळ्यांनी वाचायच्या का? म्हणून एक रिवाज पडला. लिस्टच्या नावाला जोडरेघ देऊन पुढे 'रिक्वेस्ट' हा शब्द लावायचा आणि तो वेगळा पत्ता करायचा. समजा 'खगोल' नावाची लिस्ट आहे. 'खगोल' या पत्त्यावर लिहिलेले सर्वांना जाईल; 'खगोल-रिक्वेस्ट' या पत्त्यावर लिहिलेले फक्त यादी सांभाळणाऱ्याकडे जाईल. १९९७ साली आरएफसी २१४२ मध्ये हा रिवाज रीतसर नोंदवला गेला. इंटरनेटचे संकेत ज्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहून ठेवतात, त्यांना आरएफसी म्हणतात.

दोन पत्ते असतात, ही गोष्ट पक्की धरून ठेवावी. पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

यादी सांभाळणाऱ्या माणसाच्या जागी प्रोग्राम आला तो १९८६ च्या सुमारास. पॅरिसमधल्या एरिक थॉमस या विद्यार्थ्याने बिटनेट या विद्यापीठांच्या जाळ्यासाठी 'लिस्टसर्व्ह' नव्याने लिहिला. मेलमध्ये ठरावीक आज्ञा लिहून पाठवली की नाव आपोआप यादीत जाई किंवा यादीतून निघे. १९९२ मध्ये 'मेजरडोमो' आला, त्यानंतर 'मेलमन', आणखीही काही. गोंधळाचे मूळ इथे आहे, कारण प्रत्येकाने आपली वेगळी बोली ठरवली. लिस्टसर्व्हला मेलच्या मजकुरात 'साइनऑफ' आणि लिस्टचे नाव लागते. मेजरडोमोला मजकुरात 'अनसबस्क्राइब' आणि लिस्टचे नाव लागे. विषयाची ओळ तो वाचतच नसे. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या प्रणालीच्या प्रकल्पातल्या लिस्टांना उलट तोच शब्द विषयाच्या ओळीत हवा. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, चर्चा ज्या सर्व्हरवर चालतात, तिथे वर्षानुवर्षे मेजरडोमो होता. आता लिस्टच्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि 'अनसबस्क्राइब' जोडून होणाऱ्या पत्त्यावर मेल पाठवला की झाले. चार लिस्टांवर असलेल्या माणसाने चार रीती लक्षात ठेवाव्यात, ही अपेक्षाच चुकीची होती.

त्यावर उपाय निघाला जुलै १९९८ मध्ये, आरएफसी २३६९ या नावाने. लिस्टवरून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वर असणाऱ्या आणि सहसा लपलेल्या ओळींमध्ये, लिस्टने आपली माहिती ठरावीक पद्धतीने लिहावी असे त्यात सांगितले आहे: मदत कुठे, सभासद कसे व्हायचे, लिहायचे कुठे, चालक कोण, जुने मेल कुठे साठवले आहेत, आणि बाहेर कसे पडायचे. शेवटच्या ओळीचे नाव 'लिस्ट-अनसबस्क्राइब'. तिच्यात एक ईमेल पत्ता असतो किंवा वेबची लिंक, कधी दोन्ही. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी 'अनसबस्क्राइब' दिसते ते ही ओळ वाचूनच. ते दिसले नाही तरी ओळ तिथे असू शकते. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल', थंडरबर्डमध्ये 'व्ह्यू' मेनूतून 'मेसेज सोर्स' उघडले की सगळे हेडर समोर येतात. पहिल्यांदा ते पाहून डोळे फिरतात, पण 'लिस्ट' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी शोधल्या की पुरे.

पुढे आणखी एक दुरुस्ती करावी लागली, आणि तिचे कारण मोठे बोलके आहे. मेलमधल्या लिंका धोकादायक नाहीत ना, हे पाहण्यासाठी सुरक्षा-प्रोग्राम त्या आपणहून उघडून बघतात. हेडरमधली बाहेर पडण्याची लिंकही ते उघडत, आणि कोणी न सांगता माणसाचे नाव यादीतून जाई. म्हणून बहुतेक ठिकाणी लिंक उघडल्यावर पुन्हा एकदा 'नक्की का?' असे विचारणारे पान ठेवत. जानेवारी २०१७ च्या आरएफसी ८०५८ ने वेगळा मार्ग काढला. नुसते पान उघडल्याने काही होणार नाही. मेलच्या प्रोग्रामने 'एका क्लिकवर काढा' असा विशिष्ट संदेश त्या पत्त्यावर पाठवला, तरच नाव निघेल. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर जाहिरातीचे वा सभासदत्वाचे मेल पाठवणाऱ्यांना ही सोय सक्तीची केली आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणायला सांगितले. गूगलच्या हिशेबात मोठे प्रमाण म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला सुमारे ५००० मेल. दुकाने आणि बँका त्यात आल्या. आपसांत चर्चा करणारी छोटी तांत्रिक लिस्ट येईलच असे नाही, म्हणून तिथली जुनी रीत माहीत असलेली बरी.

आता प्रत्यक्ष बाहेर पडू.

लिस्टचा अगदी ताजा मेल उघडा. दोन वर्षांपूर्वीचा नको. मधल्या काळात लिस्ट दुसऱ्या सर्व्हरवर गेलेली असू शकते. थेट तळाशी जा. बहुतेक लिस्टा तिथे दोन-तीन ओळींत बाहेर पडण्याची रीत लिहितात. लिंक असेल तर त्या पानावर आपला पत्ता भरून बटण दाबायचे. लिंक नसेल, तर वर सांगितलेली हेडरमधली ओळ पाहायची आणि तिथे दिलेल्या पत्त्यावर मेल पाठवायचा. 'रिप्लाय' दाबायचे नाही, नवा मेल लिहायचा. उत्तराचा पत्ता बहुधा लिस्टचाच असतो, आणि सुरुवातीला सांगितलेला घोटाळा नेमका तिथेच होतो.

हा मेल यंत्राला जाणार आहे. आज्ञेचा शब्द रोमन लिपीत, अचूक स्पेलिंगने, एकट्याने लिहावा. साधा मजकूर ठेवावा, रंग-चित्रे नकोत. आपली सही आपोआप जोडली जात असेल तर ती काढून टाकावी, कारण जुने प्रोग्राम प्रत्येक ओळ आज्ञा समजून वाचतात. तुमचे नाव, हुद्दा, दूरध्वनी, कंपनीची तळटीप, यांतल्या एकेका ओळीवर 'ही आज्ञा कळली नाही' असे उत्तर येते आणि माणसाचा समज होतो की विनंतीच फेटाळली गेली. सही काढता येत नसेल, तर आज्ञेच्या खालच्या ओळीत 'एंड' हा शब्द लिहावा. मेजरडोमो आणि मेलमन त्यापुढचे वाचत नाहीत.

थोड्या वेळाने यंत्राचे उत्तर येते: तुम्हीच विनंती केली असेल तर या मेलला उत्तर द्या, किंवा ही लिंक उघडा. सर्वांत जास्त माणसे इथे अडकतात. 'इतके करूनही पुन्हा विचारतातच' असे वाटून तो मेल पुसला जातो, नाही तर तो स्पॅममध्ये पडून राहतो. पण विचारण्यामागे चांगले कारण आहे. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो. पडताळणी नसती, तर वादात हरलेला एखादा सभासद समोरच्याच्या नावाने मेल पाठवून त्याला लिस्टमधून घालवू शकला असता. उलट बाजूनेही तेच. कोणाच्या तरी पत्त्यावर राग काढायचा म्हणून तो शेकडो लिस्टांत भरून टाकण्याचे प्रकार घडतात, म्हणून सभासद होतानाही असाच मेल येतो. त्यात एक लांबलचक सांकेतिक अक्षरमाला असते. ती फक्त त्या पत्त्याच्या मालकापर्यंत पोचते आणि त्याने ती परत पाठवली, हाच पुरावा. उत्तर देताना ती अक्षरे पुसू नयेत.

एवढे करूनही 'हा पत्ता यादीत नाही' असे उत्तर आले तर? मेल तर रोज येत आहेत. याचा उलगडा करायला ईमेलची वाट समजून घ्यावी लागते. टपालाच्या पत्राला आत मायना असतो आणि बाहेर पाकिटावर पत्ता, तसेच इथे आहे. आपल्याला दिसणारे 'फ्रॉम' आणि 'टू' हे आतल्या कागदावरचे. सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते पाकिटावरचा पत्ता बघून. लिस्टच्या मेलमध्ये कागदावर 'टू' म्हणून लिस्टचा पत्ता असतो, तुमचा कुठेच नसतो. तुमचा पत्ता पाकिटावर होता, आणि मेल पोचल्यावर पाकीट राहत नाही. त्यामुळे आपण नेमक्या कोणत्या पत्त्याने सभासद झालो होतो, हे वरवर पाहून कळत नाही. कॉलेजात असताना घेतलेला पत्ता, तिथून पुढे पाठवलेला मेल, लग्नानंतर बदललेले नाव, नोकरीच्या जागेचे टोपणनाव, हे सगळे आजच्या एकाच इनबॉक्समध्ये येऊन मिळत असते. यंत्र मात्र यादीतला पत्ता अक्षरन् अक्षर जुळवते. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही, लिस्टचा प्रोग्राम ते मोजतो. टिंब देऊन सभासद झालेल्या माणसाने टिंबाशिवाय विनंती केली, तर प्रोग्रामच्या लेखी तो परका.

शोध घ्यायचा तर पुन्हा हेडरकडे जायचे. 'डिलिव्हर्ड-टू' आणि 'रिसीव्ह्ड' या ओळींत वाटेतल्या सर्व्हरांनी कधी कधी मूळ पत्ता नोंदवलेला असतो. त्याहून भरवशाची जागा म्हणजे 'रिटर्न-पाथ'. मेल पोचला नाही तर तो कोणाकडे परतावा, हे तिथे लिहिलेले असते. पुष्कळ लिस्टा या परतीच्या पत्त्यातच सभासदाचा पत्ता गुंफतात. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने १९९७ मध्ये मांडलेली ही युक्ती. परत आलेला मेल नक्की कोणाचा, हे त्यावरून लिस्टला एका नजरेत कळते आणि आपल्यालाही.

तेही साधले नाही, तर शेवटी माणूस आहेच. लिस्टच्या नावापुढे जोडरेघ आणि 'ओनर' लावलेला पत्ता चालकांचा. त्यांना लिहिताना लिस्टचे नाव, आपण आधी काय करून पाहिले ते, आपले संभाव्य जुने पत्ते आणि एका मेलचे पूर्ण हेडर जोडावेत. हे काम करणारे बहुतेक जण नोकरी-घर सांभाळून, पैसे न घेता ते करत असतात. सगळी माहिती एकदम मिळाली की त्यांचे काम एका बैठकीत संपते.

कधी उलटे होते. माणसाला राहायचे असते आणि यंत्र त्याला काढते. परत आलेल्या मेलांचा मेलमन हिशेब ठेवतो. मूळ रचनेत पत्ता कायमचा बंद असल्याची खूण असेल तर एक गुण, तात्पुरती अडचण असेल तर अर्धा, आणि एका दिवसाचा एकच. पाच गुण भरले की त्या पत्त्यावर मेल पाठवणे थांबते. मग आठवड्याच्या अंतराने तीन सूचना जातात आणि शेवटी नाव निघते. एप्रिल २०१४ मध्ये या हिशेबाने निरपराध माणसांना फटका दिला. आपल्या नावाने होणारी फसवणूक थांबवण्यासाठी याहूने जगभरच्या सर्व्हरांना सांगितले की याहूचा पत्ता लावलेला, पण आमची खात्रीची खूण नसलेला मेल सरळ नाकारा. लिस्ट तर नेमके हेच करते. याहूच्या सभासदाचा मेल घेते, तळाशी आपल्या ओळी जोडते आणि पुढे पाठवते. मजकूर बदलल्याने खूण मोडते. मग जीमेलच्या आणि इतर सर्व्हरांनी ते मेल परत पाठवले आणि गुण लागले ते जीमेलच्या सभासदांच्या नावावर. लिहिले एकाने, बंद पडले दुसऱ्याचे. त्यानंतर अनेक लिस्टांनी 'फ्रॉम'मध्ये लेखकाच्या पत्त्याऐवजी 'अमुक, लिस्टमार्फत' असे लिहायला सुरुवात केली. त्याचा रोजच्या वापरातला परिणाम असा, की एकट्याला उत्तर देतो आहोत असे वाटत असताना ते सगळ्यांना जाऊ शकते. पाठवण्यापूर्वी 'टू'ची ओळ वाचण्याची सवय त्यासाठी हवी.

बाहेर पडण्याआधी एक पाहावे. त्रास मेलांच्या संख्येचा असेल, तर दिवसाचे सगळे मेल एकत्र बांधून देणारा 'डायजेस्ट' बहुतेक लिस्टांवर मिळतो. सभासदत्व ठेवून मेल थांबवण्याचीही सोय असते. प्रश्न विचारता येतो, संग्रहात जाऊन वाचता येते, इनबॉक्स रिकामा राहतो. सुट्टीवर जाताना 'मी कार्यालयात नाही' असे आपोआप जाणारे उत्तर लावायचे असेल, तर आधी असे मेल थांबवावेत. नीट न लिहिलेला स्वयंउत्तराचा प्रोग्राम लिस्टच्या प्रत्येक मेलला सर्वांसमक्ष उत्तर देत बसतो.

आणि एक मार्ग कधीही घेऊ नये: स्वतः होऊन सभासद झालेल्या लिस्टच्या मेलवर 'स्पॅम' दाबणे. तुमच्या दृष्टीने कटकट मिटते, पण मेलसेवा अशा खुणा मोजतात, आणि त्या वाढल्या की त्या सर्व्हरचे मेल इतर सभासदांच्याही स्पॅममध्ये जाऊ लागतात. ज्या विद्यार्थ्याला त्या लिस्टवरून आज उत्तर मिळायचे होते त्याला ते दिसत नाही, आणि का दिसत नाही हे त्याला कधी कळत नाही. अनोळखी, न मागता आलेल्या फसव्या मेलची गोष्ट निराळी. तिथे स्पॅमच दाबावे आणि आतली 'अनसबस्क्राइब'ची लिंक उघडू नये, कारण उघडल्याने पत्ता जिवंत असल्याचे पलीकडे कळते. कंपन्यांच्या बाबतीत आपल्याकडे कायद्यातही एक तरतूद आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

चुकीच्या पत्त्यावर आलेल्या त्या मेलकडे आता परत येऊ. तो आपल्याला दिसला तर काय करावे? एकाने, फक्त त्या व्यक्तीला, खासगी मेल लिहावा आणि तिला नेमकी लिंक द्यावी. 'तळाशी बघा' एवढे पुरत नाही. तळ तिला सापडला असता तर तिने लिहिलेच नसते. बाकीच्यांनी गप्प राहावे. चिडून सगळ्यांना उत्तर देणारा माणूस मूळ चुकीपेक्षा जास्त माणसांचा जास्त वेळ घेतो, आणि नियम आपण पाळतो अशी त्याची समजूत असते, म्हणून त्याला थांबवणे अधिक कठीण जाते.

गप्प राहणे किती मोलाचे आहे हे मोठ्या संस्था किंमत मोजून शिकल्या आहेत. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये 'बेडलॅम डीएल३' नावाची सुमारे १३००० नावांची अंतर्गत यादी एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आली आणि 'मला यातून काढा' असे त्याने सगळ्यांना लिहिले. 'मलाही' म्हणणारे, 'सर्वांना उत्तर देऊ नका' असे सर्वांना उत्तर देणारे, यांत कंपनीची मेलव्यवस्था कोलमडली. १४ नोव्हेंबर २०१६ ला ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एक चाचणी मेल चुकून सुमारे ८४०००० खात्यांवर गेला. त्यावर आलेल्या उत्तरांनी सव्वा तासात सुमारे ५० कोटी मेल तयार झाले. उत्तर देणारे थोडेच होते. बाकी सारे काम गुणाकाराने केले. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या मेलसेवेत यावर बंधारा घातला: ५००० हून मोठ्या यादीवर तासाभरात सर्वांना दहा उत्तरे गेली, की पुढचे चार तास ती अडवायची. माणसे स्वतः थांबेनात, म्हणून हे काम यंत्राला सांगावे लागले.

चर्चेतल्या शिष्टाचाराचा सगळा विचार या गुणाकारातच आहे. मी दोन मिनिटे वाचवण्यासाठी हजार जणांचे अर्धे-अर्धे मिनिट घेतो आहे का? ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेल्या आरएफसी १८५५ मध्ये इंटरनेटवरच्या वागणुकीचे संकेत एकत्र केले आहेत, आणि सभासद होताना आलेला मेल जपून ठेवावा, कारण बाहेर पडण्याची रीत त्यातच असते, हा सल्ला तिथे आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. डायल-अपवर मेल उतरवताना फोनचे बिल चढत असे. मुंबई-पुण्यातल्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या लिस्टांवर साधा मजकूर, लहान मेल आणि अनावश्यक भाग कापून टाकण्याचा आग्रह धरला जाई, त्याला हा प्रत्यक्ष खर्चाचा आधार होता. आता वेग वाढला, वाचणाऱ्याचा वेळ मात्र तेवढाच आहे.

उत्तर देताना समोरच्याचे नेमके वाक्य ठेवून त्याखाली आपले लिहावे आणि उरलेले कापावे, ही रीत त्यातूनच आली. चार महिन्यांनी संग्रहात तो मेल एकटाच वाचणाऱ्याला प्रश्न आणि उत्तर जागेवर दिसते. आणखी एक चूक नकळत होते. नवा विषय काढायचा असतो, पण लिस्टचा पत्ता हाताशी हवा म्हणून कोणत्या तरी जुन्या मेलवर 'रिप्लाय' दाबून विषयाची ओळ बदलली जाते. प्रत्येक मेलला आपला क्रमांक असतो आणि उत्तरात 'इन-रिप्लाय-टू' या हेडरमध्ये मूळ मेलचा क्रमांक जातो. वाचणाऱ्यांचे प्रोग्राम विषय न पाहता हा क्रमांक पाहून मेल लावतात. तुमचा नवा प्रश्न परक्या चर्चेच्या पोटात जाऊन बसतो, आणि ज्यांनी ती चर्चा बंद करून ठेवली त्यांना तो दिसतच नाही. उत्तर न मिळाल्याचे दुःख करणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत असेच झालेले असते.

प्रश्न कसा विचारावा यावर एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ पासून चालवलेली एक मार्गदर्शिका तांत्रिक जगात फार वाचली गेली. तिचा गाभा उपयोगी आहे: आधी शोधा, काय करून पाहिले ते लिहा, चुकीचा संदेश जसाच्या तसा द्या. पण तिचा आधार घेऊन नवख्यांना झिडकारण्याची सवयही पुष्कळांना लागली, आणि ती मला घातक वाटते. कठोर बोलण्याने दर्जा राखला जातो, हा समज या समुदायांत दीर्घकाळ टिकला. लिनक्स कर्नलच्या लिस्टवरच्या बोचऱ्या मेलांबद्दल प्रसिद्ध असलेल्या, लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी १६ सप्टेंबर २०१८ ला त्याच लिस्टवर आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे काम थांबवले, आणि त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. कर्नलचे काम त्यानंतरही नेटाने चालू आहे.

लिस्टमधून नाव काढल्याने लिहिलेले पुसले जात नाही, हेही जाणून असावे. बहुतेक तांत्रिक लिस्टांचे संग्रह जाहीर असतात, शोधयंत्रांत सापडतात, आणि त्यांच्या प्रती इतरत्रही राहतात. सहीतला फोन क्रमांक किंवा पासवर्डसकट चिकटवलेली फाइल मागाहून काढणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून काळजी घ्यायची ती पाठवताना. संग्रह आहे म्हणूनच दहा वर्षांपूर्वीचे उत्तर आज कोणाला तरी सापडते. आपला प्रश्न सुटला तर कसा सुटला, एवढे लिहून मगच बाहेर पडावे.

ज्यांच्याकडे कामाची जबाबदारी आहे, त्यांनी जाताना नुसते नाव काढून भागत नाही. डेबियनने यावर बारकाईने विचार केला आहे. तिथला विकासक काही दिवस रजेवर जाणार असेल, तर प्रकल्पाच्या अंतर्गत लिस्टवर विषयात ठरावीक खूण घालून तसे कळवतो, म्हणजे तातडीची दुरुस्ती दुसऱ्याला करता येते. कायमचे जायचे असेल, तर आपल्याकडची पॅकेजे, म्हणजे सांभाळायला घेतलेले प्रोग्रामचे संच, 'अनाथ' म्हणून रीतसर जाहीर करायची, जिथे सहकारी म्हणून नाव आहे तिथून ते काढायचे, आणि मग निवृत्तीची विनंती करायची. हे का, तेही डेबियनच्या मार्गदर्शिकेत लिहिले आहे: न सांगता गेलेल्या विकासकाचा शोध घेऊन त्याची पॅकेजे मोकळी करायला इतरांना फार वेळ आणि श्रम लागतात. सांगून गेलेल्याचे खाते 'मानद निवृत्त' म्हणून नोंदले जाते, आणि पुढे कधी परत यावेसे वाटले, तर त्याला नवख्यासारखी सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही.